युद्धपदके : संग्रह व सत्यपरीक्षा

युद्धात वा लष्करी मोहिमेत भाग घेतल्याबद्दल किंवा रणांगणावरील शौर्याबद्दल शासनातर्फे सैनिकास देण्यात येणारे, फितीच्या साहाय्याने छातीवर धारण करावयाचे धातूचे मानचिन्ह म्हणजे युद्धपदक. मोहिमेत हजर असलेल्या सर्वांना मिळणारे ते मोहीमपदक आणि विशिष्ट कृत्याबद्दल निवडक व्यक्तींना मिळणारे ते शौर्यपदक, असे त्याचे दोन मुख्य वर्ग पडतात. नाण्यांच्या संग्रहाची परंपरा जुनी आहे. युद्धपदकांचा संग्रह ही स्वतंत्र शाखा मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आली. नाण्याहून पदक एका बाबतीत वेगळे असते. नाणे कोणाच्याही हाती जाण्यासाठी पाडलेले असते. पदक एका माणसासाठी असते आणि बहुधा त्यावर त्या माणसाचे नाव असते. त्यामुळे पदकाची सत्यता तपासताना दोन प्रश्न विचारावे लागतात : ही टांकसाळीतून निघालेली मूळ वस्तू आहे काय, आणि तिच्यावर ज्याचे नाव आहे त्यालाच ती मिळाली होती काय? पहिल्याचे उत्तर धातू देतो, दुसऱ्याचे कागदपत्रे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ब्रिटिश अमदानीत हिंदी सैनिकांना मिळालेल्या पदकांचा विचार केला आहे. भारतातील घरांत, सराफांकडे व संग्रहालयांत आढळणारी जुनी युद्धपदके बहुतांशी याच वर्गातील आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हिंदी सैनिकांना पदके देण्याची प्रथा ईस्ट इंडिया कंपनीने सुरू केली. कंपनीचे ‘दख्खन पदक’ हे १७७८–८४ या काळात पश्चिम हिंदुस्थान व गुजरात येथे लढलेल्या बंगालच्या फौजेतील हिंदी सैनिकांसाठी होते. म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाशी त्याचा थेट संबंध आहे. ते सोन्याचे व चांदीचे असून त्यावर फार्सी लेख आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतरच्या पदकावर ब्रिटिश सिंह वाघाला लोळवीत असल्याचे दृश्य आहे. ते सोने, मुलामा दिलेली चांदी, चांदी, कासे व कथील अशा पाच प्रकारांत, दर्जानुसार वाटण्यात आले. त्यावरील दृश्य सर्वांना सारखेच होते. धातू मात्र सुभेदारास वेगळा व शिपायास वेगळा होता. या दोन्ही पदकांवर धारकाचे नाव नसे.

नाव घालण्याची पद्धत रूढ झाली ती वॉटर्लूच्या लढाईनंतर (१८१५). ब्रिटिश शासनाने या लढाईतील सेनापतीपासून साध्या शिपायापर्यंत सर्वांना एकाच नमुन्याचे रौप्यपदक दिले व प्रत्येकाचे नाव त्याच्या कडेवर ठशांनी उठविले. पुढे १८५१ मध्ये कंपनीने १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक काढले. फितीवर चढविण्याच्या त्याच्या पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर व कोरेगाव ही नावे इंग्रजी वर्णांतरात आढळतात. महाराष्ट्राच्या इतिहासातील इतकी स्थळे दुसऱ्या कोणत्याही ब्रिटिश पदकावर एकत्र आलेली नाहीत. मात्र हे पदक लढायांनंतर पंचवीस ते अठ्ठेचाळीस वर्षांनी निघाले आणि तेही केवळ हयात असलेल्यांसाठी. त्यामुळे एकूण पदकांची संख्या सुमारे साडेचार हजारच भरली आणि त्यांतील काही पट्ट्या अत्यंत दुर्मिळ झाल्या. बनावट करणाऱ्यांचे लक्ष या दुर्मिळतेनेच वेधून घेतले.

नामलेखन : पदकावरील नाव दोन रीतींनी घातलेले असते. ठसारीतीत प्रत्येक अक्षराचा पोलादी ठसा कडेवर ठोकतात वा दाबतात. त्यामुळे धातू बाजूस सरतो, अक्षराचा तळ सपाट राहतो आणि एकच अक्षर दोनदा आल्यास दोन्ही आकृती तंतोतंत जुळतात. कोरीव रीतीत टोकदार हत्याराने धातू काढून टाकतात. खाच तळाशी निमुळती होते आणि रेषेची जाडी हाताच्या दाबाप्रमाणे बदलते. कोणत्या पदकासाठी कोणती रीत व कोणत्या वळणाची अक्षरे वापरली गेली हे ठरलेले आहे. वॉटर्लू पदकावर मोठी रोमन अक्षरे ठशांनी उठविलेली असून नावाच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा लहान ताऱ्यांनी भरलेली असते. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील मोहिमांच्या अनेक पदकांवर उलट वळणदार, कोरीव लिपी आढळते. १९१४–१८ च्या महायुद्धाच्या रौप्य पदकावर बारीक ठसा-अक्षरे असतात. अशा पदकावर सुबक कोरीव नाव दिसले, की ते मूळचे नाही असे प्रथमदर्शनी धरावयास हरकत नाही.

हिंदी सैनिकांच्या पदकांवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण एवढा मजकूर येतो. पलटणीच्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे नाव रोमन लिपीत उतरविले. म्हणून पवार, जाधव वा शिंदे यांसारख्या आडनावांचीही एकाच यादीत दोन-तीन प्रकारची लेखने सापडतात आणि पुष्कळदा आडनाव गळून केवळ स्वतःचे व वडिलांचे नाव उरते. असे भ्रष्ट लेखन हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. किंबहुना, आजच्या रूढ पद्धतीने शुद्ध लिहिलेले मराठी नाव शंभर वर्षांपूर्वीच्या पदकावर आढळले, तर अधिक सावध व्हावे. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. म्हणून ओळख पटविताना नावापेक्षा क्रमांकास अधिक महत्त्व द्यावे लागते.

बनावट पदकांचे प्रकार : ‘बनावट’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात त्यात निरनिराळ्या दर्जाच्या वस्तू मोडतात. मूळ पदकावरून साचा घेऊन केलेले ओतीव पदक हा सर्वांत ढोबळ प्रकार. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते; पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे दिसतात, केसांच्या वा दोरखंडाच्या रेषा बोथट होतात आणि साच्याचा सांधा कानशीने घासल्याच्या खुणा कडेवर राहतात. विद्युत्-विलेपनाने दोन बाजू स्वतंत्र तयार करून त्या जोडलेल्या असल्यास कडेभोवती अखंड सांधा दिसतो. नव्या ठशाने पाडलेल्या नकला ओळखणे यापेक्षा कठीण असते. त्यांतील काही संग्रहालयांत मांडण्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या असतात. पुढे त्यांवरील ‘नक्कल’ ही खूण घासून टाकली जाते.

याहून फसवा प्रकार म्हणजे खरे पदक, परंतु खोटे नाव. सामान्य सैनिकाचे नाव कडेवरून कानशीने काढून तेथे गाजलेल्या तुकडीतील वा लढाईत पडलेल्या व्यक्तीचे नाव घातले जाते. याच जातीचा दुसरा प्रकार पट्ट्यांचा. ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकात ब्रह्मदेशच्या युद्धाची ‘आवा’ ही पट्टी सर्वांत विपुल आहे. ती काढून दुर्मिळ पट्टी बसविली, की पदकाची किंमत अनेक पटींनी वाढते. खोट्या पट्टीचे खिळे नवे असतात, कधी खिळ्यांऐवजी डाख दिलेला असतो आणि पट्टीवरील अक्षरांचे वळण मूळ ठशांशी जुळत नाही.

तथापि बदल झालेले प्रत्येक पदक फसवणुकीच्या हेतूने बदललेले नसते, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. पदक हरवलेल्या सैनिकाला संचलनास उभे राहावे लागे. तो बाजारातून दुसऱ्याचे पदक घेई आणि त्यावर स्वतःचे नाव कोरवून घेई. शासनाकडून रीतसर मिळालेल्या बदली पदकांवर बदलीदर्शक अक्षर वा शब्द असतो. वॉटर्लू पदकाची मूळची पोलादी कडी गंजत असल्याने अनेक धारकांनी तिच्या जागी चांदीची नक्षीदार टांगणी बसविली. असे पदक मूळ स्वरूपात नसले, तरी ते खोटे ठरत नाही. ते धारकाने वापरल्याची ती खूण असते.

परीक्षेच्या पद्धती : परीक्षेचा आरंभ काटा, सूक्ष्ममापक व भिंग या तीन साध्या साधनांनी होतो. वजन व व्यास यांची तुलना निःसंशय अस्सल नमुन्याशी करतात. व्यास एकाच जागी मोजून भागत नाही. नाव घासून काढलेल्या पदकाचा व्यास नावाच्या पट्ट्यात इतरत्रापेक्षा कमी भरतो, म्हणून कडेभोवती निदान चार-पाच ठिकाणी माप घ्यावे लागते. दिवा तिरपा धरून कडा फिरवीत गेल्यास जुन्या अक्षरांच्या तळाच्या पुसट सावल्या पुष्कळदा दिसतात. नाव खरोखर जुने असेल, तर अक्षरांच्या खाचांतही भोवतालच्या धातूसारखाच काळेपणा व झीज असते. झिजलेल्या कडेवर धारदार, चकचकीत अक्षरे आढळणे विसंगत होय.

फितीवर फार विसंबू नये. ती कापडाची असल्याने सैनिकाच्या हयातीतही बदलली जाई. जंबुपार प्रकाशात आधुनिक कृत्रिम धागे व धुलाईच्या भुकटीतील उजळकारक द्रव्ये चकाकतात, एवढ्यावरून फीत अलीकडची असल्याचे कळते; पदकाविषयी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. क्ष-किरण अनुस्फुरण पद्धतीने पदकास धक्का न लावता त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण काढता येते. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ हे सर्वोच्च शौर्यपदक सेव्हास्तोपोल येथे रशियाकडून घेतलेल्या तोफांच्या कांशापासून बनते, असा दीर्घकाळ समज होता. परंतु अशा तपासणीत सर्व पदकांचा धातू एकच नसल्याचे दिसून आले. यामुळे ती पदके खोटी ठरली नाहीत, त्यांच्याविषयीची आख्यायिका तेवढी दुरुस्त झाली. यावरून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात येते : तुलनेसाठी अस्सल नमुन्यांची मापे हाती नसतील, तर महागड्या उपकरणाचा उपयोग मर्यादितच राहतो.

अंतर्गत सुसंगती : एका व्यक्तीची पदके एकत्र असल्यास त्यांना संच म्हणतात. संच निरनिराळ्या जागची पदके जुळवून बनविला आहे काय, हे पदकांच्या नियमांवरून तपासता येते. पहिल्या महायुद्धात ‘१९१४ स्टार’ हे पदक ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स वा बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांना, तर ‘१९१४-१५ स्टार’ हे १९१५ अखेरपर्यंत रणक्षेत्रांत उतरलेल्या इतरांना मिळाले. दोन्ही एकाच व्यक्तीस मिळू शकत नसत. यांपैकी कोणताही स्टार मिळालेल्यास रौप्य ‘ब्रिटिश वॉर’ पदक व कांशाचे ‘व्हिक्टरी’ पदक ही दोन्ही मिळत. दुसऱ्या महायुद्धात ‘बर्मा स्टार’ व ‘पॅसिफिक स्टार’ एकाच वेळी मिळत नसत. हे नियम मोडणारा संच कितीही आकर्षक असला, तरी तो एका माणसाचा नव्हे.

याचे मराठी पलटणींशी निगडित उदाहरण घेता येईल. पहिल्या महायुद्धात सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली. तिची आघाडीची ब्रिगेड ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाव येथे उतरली. तीत ११७ वी मराठा पलटण होती. याच डिव्हिजनमध्ये १०३ वी व ११० वी या मराठा पलटणीही होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कूट-अल्-अमारा येथे डिव्हिजनला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार सैनिक तुर्कांच्या हाती सापडले. त्यांपैकी पुष्कळांचा कैदेत अंत झाला. या पलटणींच्या शिपायाकडे ‘१९१४-१५ स्टार’ असणे स्वाभाविक आहे. ‘१९१४ स्टार’ असल्यास मात्र तो फ्रान्समधील दुसऱ्या पलटणीस जोडला गेला होता, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागेल. १९२२ मध्ये या पलटणी नव्या रचनेनुसार पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत समाविष्ट झाल्या. महायुद्धाच्या पदकावर हे नंतरचे नाव आढळल्यास ते लगेच खोटे मानू नये, कारण काही पदके उशिरा वाटली गेली. तथापि नामलेखनाची तपासणी अशा वेळी अधिक बारकाईने व्हावी.

कागदपत्रे व त्यांतील उणीव : धातूची परीक्षा पूर्ण झाली, तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. पदक मिळालेल्यांच्या याद्या तपासल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. कंपनीच्या व त्यानंतरच्या काळातील हिंदुस्थानातील मोहिमांच्या याद्या लंडन येथील ब्रिटिश ग्रंथालयात, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची पदकपत्रे लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून ती सहज पाहता येतात. हिंदी शिपायांसाठी तशी सर्वसमावेशक यादी संशोधकांना उपलब्ध नाही. पंजाबपुरते लाहोर संग्रहालयातील गाववार नोंदवह्यांमुळे हे काम सुकर झाले आहे. त्यांतील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी २०२१ पासून संगणकावर पाहता येऊ लागल्या.

स्मारकांवरूनही ही उणीव भरून निघत नाही. भारतातील अनेक खेड्यांत, त्यांत महाराष्ट्रातीलही, महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर गावातून किती जण गेले व किती मरण पावले एवढे आकडे असतात, नावे नसतात. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे स्मारक असलेल्या बसरा येथील भिंतींवर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. शिपायांचा उल्लेख पलटणवार संख्येने आहे. स्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात ही विषमता मान्य केली. अशा स्थितीत कूटच्या वेढ्यात सापडलेल्या एखाद्या शिपायाचा क्रमांक, नाव व पलटण यांची वंशजांच्या हाती राहिलेली एकमेव नोंद त्याच्या पदकाच्या कडेवर असू शकते. म्हणूनच अशा पदकावरील नाव घासून टाकण्याने होणारी हानी किमतीत मोजता येत नाही.

येथे बाजारभावाचा परिणाम विपरीत झालेला दिसतो. यादीत पडताळता येत नसल्यामुळे संग्राहक साध्या हिंदी शिपायांच्या पदकांना फारशी किंमत देत नसत. परिणामी त्यांवर खोटी नावे घालण्याचा उद्योग कमी झाला. परंतु तीच पदके सराफाकडे चांदीच्या भावाने मोडीत निघाली. ‘ब्रिटिश वॉर’ पदक सुमारे एक औंस चांदीचे आहे. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेला, तेव्हा इंग्लंडमध्येही ही पदके मोठ्या प्रमाणावर वितळविण्यात आली. त्यामुळे आज अनेक संचांत कांशाची पदके शिल्लक आहेत आणि रौप्य पदक गहाळ आहे. असा अपुरा संच संशयास्पद नव्हे. उलट, रिकामी जागा दुसऱ्या कोणाच्या पदकाने भरून ‘पूर्ण’ केलेला संच संशयास्पद होय. भिस्ती, डोलीवाले व मजूर-तुकड्यांतील लोकांना हेच पदक कांशाचे मिळाले. ते चांदीचे नसल्याने मोडीपासून वाचले आणि आता रौप्य पदकापेक्षा दुर्मिळ मानले जाते.

दुसरे महायुद्ध व त्यानंतर : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची मोहीमपदके बिननावाची होती; त्यामुळे नुसत्या पदकावरून ती कोणाची हे सांगता येत नाही. हिंदी, ऑस्ट्रेलियन व दक्षिण आफ्रिकी सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घातलेली आहेत. त्यामुळे हिंदी सैनिकाचा म्हणून दाखविलेला बिननावाचा संच पुराव्याअभावी स्वीकारू नये. या मालिकेतील ‘एअर क्रू युरोप स्टार’ दुर्मिळ असल्याने त्याच्या नकला सर्वांत अधिक आढळतात. ‘व्हिक्टोरिया क्रॉस’च्या टांगणीच्या मागे धारकाचे नाव व पदकाच्या मागील वर्तुळात पराक्रमाचा दिनांक कोरलेला असतो. इटलीतील अपर टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे आणि सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी पराक्रम गाजविणारे शिपाई नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतील दोन मानकरी होत. अशा पदकांचा तपशील राजपत्रात प्रसिद्ध झालेला असल्याने पडताळणी तुलनेने सोपी असते.

स्वतंत्र भारताची परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र ही शौर्यपदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली व १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आली. परमवीर चक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. त्या जन्माने युरोपीय असून भारतीय सेनेतील अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी होत्या. कांशाच्या या पदकावर मध्यभागी राजमुद्रा व भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. गणवेशावर लावण्यासाठी वा शोभेसाठी केलेल्या त्याच्या प्रतिकृती बाजारात उघडपणे मिळतात. मूळ पदकाशी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून नाव व राजपत्रातील नोंद दोन्ही पाहावी लागतात.

इतर देशांत प्रश्नाचे स्वरूप थोडे वेगळे आहे. जर्मनीचा ‘आयर्न क्रॉस’ बिननावाचा असतो. त्यामुळे तेथे परीक्षेचा सारा भर बांधणीवर पडतो. त्याचा गाभा लोखंडाचा व चौकट चांदीची असते, म्हणून लोहचुंबकाची चाचणी प्रचलित आहे. परंतु काही अस्सल पदकांचा गाभा पितळेचाही असल्याने ती निर्णायक नाही. १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत नाझी चिन्हे वगळून जुनी पदके वापरण्यास परवानगी मिळाली आणि युद्धकाळात पदके बनविलेल्या काही कारखान्यांनीच ती पुन्हा पाडली. एकाच कारखान्याची, परंतु वेगळ्या काळातील ही पदके निवडून काढणे अनुभवी संग्राहकांनाही जड जाते.

जतन व कायदा : पदक चिंच, राख वा बाजारी चकाकीद्रव्याने घासू नये. प्रत्येक घासणीबरोबर कडेवरील अक्षरे उथळ होतात आणि पुढील परीक्षेचा आधार नाहीसा होतो. पदके आम्लमुक्त कागदात, एकमेकांना न लागतील अशी ठेवावीत. प्लॅस्टिकच्या काही पिशव्यांतून सुटणाऱ्या वायूंमुळे चांदी व कासे खराब होतात. पदकासोबतचे पेन्शनबुक, डिस्चार्ज प्रमाणपत्र, पत्रे व छायाचित्रे वेगळी करू नयेत. विक्रेते बहुधा नेमकी हीच टाकून देतात. पदक विकावयाचे झाल्यास, निदान त्याच्या कडेवरील संपूर्ण मजकुराची नक्कल व छायाचित्र कुटुंबाने आधी करून ठेवावे. मराठा पलटणींच्या पदकांसंबंधी बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल केंद्राकडे चौकशी करता येते. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती अधिनियमाखाली शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावस्तूंत मोडू शकतात व खाजगी व्यक्तीस पुरावस्तूंची निर्यात करण्यास मनाई आहे. त्यामुळे पहिल्या महायुद्धाची पदके परदेशातील लिलावास पाठविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करणे आवश्यक असते.